वानूनीत अडकलेला परवाना

१२ जानेवारी, सोमवार

कंपनीने शेवटी जुनी चावी बंद केली. अंगठ्याएवढी ती चावी कॉम्प्युटरला लावली की भरतकामाचं सॉफ्टवेअर उघडायचं. काम संपलं की काढून पिशवीत टाकायची आणि दुसऱ्या कारखान्यात जायचं. हरवली असती तर मी रस्त्यावर आले असते, पण निदान हाताला लागायची. रात्री उशीखाली ठेवता यायची.

आता परवाना माझ्या नावावर आहे आणि तो म्हणे माझ्याबरोबर फिरतो. ज्या कॉम्प्युटरवर बसायचं तिथे नाव आणि पासवर्ड घालून तो घ्यायचा. उठताना 'परवाना मोकळा करा' हे बटण दाबायचं. दाबलं नाही तर तो तिथेच राहणार, आणि दुसरीकडे मला काही उघडता येणार नाही. घेताना आणि सोडताना इंटरनेट लागतं, मधल्या वेळात नाही.

बेत्साबेला हे समजावून सांगितलं. माझी धाकटी बहीण बाजारात आपी विकते, जांभळ्या मक्याचं गरम पेय. म्हणाली, "म्हणजे नवऱ्यासारखं. एकीकडे रीतसर सोडल्याशिवाय दुसरीकडे जाता येत नाही."

मी हसले खरी. तीन कारखाने माझ्या शब्दावर भरतकामाची मशीन घेऊन बसलेत. इथे ओरुरोत डॉन सेवेरो, काराकोल्योत एक जोडपं, आणि वानूनीत दोन्या फिदेलिया. सॉफ्टवेअर तिघांपैकी कुणालाच परवडत नाही. नक्षी मी काढते, सुई कुठून कुठे जाईल ते मी ठरवते. मी थांबले की तिघांची मशीनं थांबली.


१५ जानेवारी, गुरुवार. वानूनी

दोन्या फिदेलियांकडे आले आहे. शाळेचे झेंडे आणि बायकांच्या शाली. इथली हवा ओरुरोहून कोरडी, डोकं दुखतं. पोचल्या पोचल्या त्यांनी कोका पानांचा चहा दिला आणि स्वतःची लोकरीची शाल माझ्या गुडघ्यांवर टाकली. बाई मनाने मोठी, फक्त हेकट. साठीच्या असतील. कारागीर संघाच्या अध्यक्ष आहेत, सगळे त्यांना मानाने 'दोन्या' म्हणतात, त्याचा तोरा चालण्यात दिसतो. संघाच्या कागदांवर सही करत नाहीत, शिक्का मारतात, खण्णकन.

त्यांची एक सवय मला वेड लावते. लिहिलेला निरोप पाठवला की उत्तर नाही. स्वतः मात्र दिवसभर बोललेले निरोप पाठवणार, मागे कुत्री भुंकताहेत, मशीन खडखडतंय. आजही मी म्हटलं, "दोन्या फिदेलिया, दोन ओळी लिहून टाकत जा ना, मला पुन्हा बघता येतं." तर म्हणतात, "देवाने तोंड कशाला दिलंय गं?"

भाची नायरा पुढच्या आठवड्यात कोचाबांबाला शिकायला जाणार. दोन्या म्हणाल्या, "ती गेली की माझे डोळेच गेले." खरंच नजर अधू झाली असावी त्यांची. सारखं "चष्मा घरी राहिला" चाललेलं असतं. एकदाही तो चष्मा मी पाहिलेला नाही.

दुपारी एक गंमत झाली, पण तिचा शेवट बरा झाला नाही. एका शालीवर नाव टाचायचं होतं. मशीनवर निघालेली नावाची पट्टी त्यांनी शालीला हाताने शिवली, इतकी सुबक की टाका दिसेना, आणि नाव खाली डोकं वर पाय. मी मोठ्याने हसले. "दोन्या, ही बाई आता उलटी टांगून घ्यायची का शाल?" नायरा हसली नाही. दोन्यांनी शाल माझ्या हातातून ओढून घेतली, टाके उसवले आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. एवढ्याशा चुकीचा एवढा राग!


१७ जानेवारी, शनिवार

लिहून काढते.

सकाळी बातमी आली की डिझेल मिळत नाही म्हणून ड्रायव्हर लोक माचाकामार्काच्या फाट्यावर रस्ता अडवणार. नायरा घाबरून आजच कोचाबांबाला निघाली. मी पटापट आवरायला घेतलं. वानूनीच्या कॉम्प्युटरला इंटरनेट नाही, माझ्या फोनवरून द्यावं लागतं. फोन जोडला, 'मोकळा करा'वर जाणार तोच वीज गेली. मिनीबसवाला बाहेर हॉर्न वाजवतोय. वीज येईपर्यंत थांबायला हवं होतं. नाही थांबले. नायरा आणि मी धावत जाऊन बसलो.

फाटा ओलांडल्यावर मागे वळून पाहिलं तर लोक रस्त्यावर दगड लोटत होते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात नीट शिरलं. परवाना वानूनीत राहिला. दोन्या फिदेलियांच्या कॉम्प्युटरमध्ये, बंद खोलीत, आणि मी रस्त्याच्या या बाजूला.


१८ जानेवारी, रविवार

डॉन सेवेरोंकडे उघडून पाहिलं. 'हा परवाना दुसऱ्या कॉम्प्युटरवर वापरात आहे.' पुन्हा उघडलं, पुन्हा तेच. घरच्या जुन्या लॅपटॉपवरही तेच.

कार्निव्हल तोंडावर आलंय. सैतान-नाचाच्या एका आख्ख्या पथकाच्या पाठीवरच्या झुली डॉन सेवेरोंनी करायला घेतल्यात. झुलीवर सरडा, साप, बेडूक, मुंग्यांची रांग, आणि खाली ज्याची झूल त्याचं नाव. प्रत्येकाचं माप वेगळं, नाव वेगळं, म्हणजे प्रत्येक झुलीसाठी नक्षी उघडून बदलावी लागणार. नक्षी माझी, मी काढलेली. पेनड्राइव्हवर माझ्या खिशात आहे आणि मला ती उघडता येत नाही.

डॉन सेवेरोंना खरं सांगितलं. ते टाळू खाजवत म्हणाले, "मग फोन करा की तिला. एक बटण दाबायचंय ना? माझी सुई तुटली तर मी काय सुईच्या कारखान्यात जातो?"

केला फोन. दोन्या म्हणाल्या, "हो, दाबते की. कुठलं ते सांग." पण अडचण अशी की त्या टेकडीवर सिग्नल अर्धमेला. फोनवरून कॉम्प्युटरला इंटरनेट द्यायला लागलं की बोलणं तुटतं. एका वेळी एकच. म्हणजे मी सांगतेय आणि त्या करताहेत असं होणार नाही, सगळं एकटीने करायला हवं.

"काळजी करू नका," मी म्हटलं, "एकेक पायरी नीट लिहून पाठवते."

"बोलूनच पाठव ना," त्या म्हणाल्या.

"बोलून गोंधळ होईल, दोन्या. लिहिलेलं समोर ठेवून करता येतं."

मग म्हणाल्या, "बरं. पाठव."


२० जानेवारी, मंगळवार

काल दुपारभर बसून सूचना लिहिल्या. शाळेतल्या पोरालाही कळाव्यात अशा. कुठल्या बटणावर काय शब्द आहेत, खिडकी आली तर त्यात काय लिहिलेलं असेल, कुठल्या शब्दावर दाबायचं, कुठल्या शब्दावर चुकूनही दाबायचं नाही. माझ्या मते याहून स्वच्छ कुणी लिहूच शकणार नाही. पाठवल्या. दोन निळ्या खुणा आल्या, म्हणजे पाहिल्या.

उत्तर नाही.

आज फोन केला. "वीज नव्हती." संध्याकाळी केला. "संघाची बैठक होती."

"शेजारच्या कुणाला तरी बोलवा," मी म्हटलं, "कुणीही दाबेल."

"परक्याला मी मशीनला हात लावू देत नाही." आणि फोन ठेवला.

बेत्साबे आपीच्या पातेल्यात ढवळत ऐकत होती. "तू हसलीस ना तिच्यावर, त्या उलट्या नावावरून? उट्टं काढतेय म्हातारी."

तसंच असणार. गेल्या वर्षीही त्या म्हणाल्या होत्या, "इथेच राहा, माझ्याचकडे काम कर, वणवण कशाला?" आता आयता परवानाच त्यांच्या घरात कोंडलाय.


२२ जानेवारी, गुरुवार

कंपनीचं उत्तर आलं, फार गोड. 'आपला परवाना मुक्तपणे आपल्याबरोबर प्रवास करतो. ज्या कॉम्प्युटरवर तो घेतला आहे, तेथून कृपया तो मोकळा करावा.' तिथे जाता येत नाही म्हणून तर लिहिलं होतं! पुन्हा लिहिलं, रस्त्यावर दगड आहेत, टायर जळताहेत. उत्तर: त्या कॉम्प्युटरचा संपर्क झाला नाही तर मुदत संपल्यावर परवाना आपोआप सुटेल. मुदत कार्निव्हलनंतर संपते.

जेवण गेलं नाही. छातीत धडधडतं. बेत्साबे म्हणते ही उंचीची हवा. मी याच उंचीवर जन्मले.


२३ जानेवारी, शुक्रवार

आज फोन करून त्यांना आधी कॉम्प्युटरसमोर बसवलं. इंटरनेटचं नंतर बघू, आधी बटण तरी सापडू दे.

"काय दिसतंय, दोन्या?"

"कॉम्प्युटर दिसतोय."

"अहो पडद्यावर!"

"चौकोन आहे एक. पांढरा. त्यात खूप लिहिलंय."

"काय लिहिलंय?"

"बारीक आहे गं."

"पहिला शब्द तरी सांगा."

मागे कोंबडी ओरडत होती.

"चष्मा नाहीये," त्या म्हणाल्या.

"मग आणा चष्मा! दोन्या फिदेलिया, इथे माझी मान कापली जातेय आणि तुम्हाला चष्मा सापडत नाही?"

"खाली दोन बटणं आहेत. उजवं दाबू का डावं?"

"त्यावर काय लिहिलंय ते कळल्याशिवाय कसं सांगू? चुकीचं दाबलंत तर तुमचं सगळं काम पुसलं जाईल!"

तेवढ्यात फोन कट झाला. त्यांनी केला की सिग्नल गेला, माहीत नाही. पुन्हा लावला तर उचलला नाही.

मग मी जे केलं ते केलं. त्यांना लांबलचक निरोप लिहिला. तुम्ही हे मुद्दाम करताय. माझ्या पोटावर पाय देताय. तुम्हाला वाटतं मला तुमच्याकडे कोंडून ठेवाल. अध्यक्षीणबाईंना एक बटण दाबता येत नाही, यावर मी काय शेंबडं पोर आहे म्हणून विश्वास ठेवू? अजूनही काय काय. पाठवून टाकला. दोन निळ्या खुणा.

बरं वाटलं. अर्धा तास.


२५ जानेवारी, रविवार

डॉन सेवेरोंच्या ओळखीच्या एकाने बाजारातून सॉफ्टवेअरची चोरीची प्रत आणून दिली. नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं नाही. ती प्रत जुनी निघाली, माझी नक्षी तिला उघडता येईना. शिवाय काहीतरी विषारी घेऊन आली होती, सगळा कॉम्प्युटर पुसून पुन्हा बसवावा लागला.

दोन्यांकडून अक्षर नाही. आवाजही नाही.


२७ जानेवारी, मंगळवार

आज निघाले होते. खरोखर निघाले होते.

माचाकामार्काच्या अलीकडे गाडीने सोडलं. लोक बोचकी घेऊन दगडांमधून चालत पलीकडे जातात आणि पुढे मिळेल ती गाडी पकडतात, असं ऐकलं होतं. बायकाही जात होत्या. मी पहिल्या ढिगाऱ्यापर्यंत गेले. टायरचा धूर. तेवढ्यात कुणीतरी डायनामाइटची कांडी उडवली, दूर माळावर, नुसती घाबरवायला. माझे पाय पुढे जाईनात. एक म्हातारा दोरीने शेळी ओढत म्हणाला, "चला बाई, रोजचंच आहे हे." शेळी गेली, म्हातारा गेला. मी वळले.

इथे खोटं लिहिण्यात अर्थ नाही. दमा नव्हता, पाय मुरगळला नव्हता. मी भ्याले. घरी येऊन बेत्साबेला सांगितलं की पोलिसांनी परत पाठवलं.


२९ जानेवारी, गुरुवार

पथकाचे प्रमुख कारखान्यात आले होते. जाडजूड, मऊ बोलणारा माणूस, त्यामुळेच जास्त भीती वाटली. म्हणाले, "डॉन सेवेरो, माझी माणसं चर्चमधल्या पवित्र मातेला नवस बोललीत. कुणाचं पोर वाचलं म्हणून नाचतोय, कुणी आईसाठी. उघड्या पाठीने नाचवू का त्यांना? सोमवारपर्यंत एक तरी झूल दाखवा, नाहीतर मी दुसऱ्या दारी जातो."

ते गेल्यावर डॉन सेवेरोंनी हाताने भरणाऱ्या जुन्या बायकांना निरोप धाडले. मशीन आल्यावर त्यांनीच त्यांना कमी केलं होतं, माझ्या सांगण्यावरून. कोणी आलं नाही. एकीने निरोप दिला की मशीनलाच विचारा.

मला वाटलं, आता मला बोलतील. ते नुसते मशीनवर फडकं मारत राहिले. "तुमच्या शब्दावर घेतलं हे," एवढंच म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.


३१ जानेवारी, शनिवार

काय लिहू, कुठून लिहू.

दुपारी डॉन सेवेरोंकडे बसले होते, काम नसताना. दारात एक बाई वाकून उभी. घागरा गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला, टोपीवर धूळ, पाठीवर पट्ट्यापट्ट्यांच्या कापडात बांधलेलं भलंमोठं ओझं. बायका बाळ बांधतात तसं, छातीशी गाठ मारून. मला वाटलं कुणी बटाटे विकायला आली. तिने मान वर केली. दोन्या फिदेलिया.

"धर गं आधी," त्या म्हणाल्या. "पाठ मोडली."

आम्ही दोघांनी धरून खाली उतरवलं. कापड सोडलं, आत ब्लँकेट, ब्लँकेटच्या आत कॉम्प्युटरचा डबा. तारा नीट वेटोळं करून वर ठेवलेल्या. एक बाजू किंचित चेपली होती.

"पडले एकदा," त्या म्हणाल्या. "पण मी खाली, तो वर."

पहाटे निघाल्या होत्या. वानूनीहून अर्ध्या वाटेपर्यंत खनिजाच्या ट्रकवर, मग पायी, मग फाटा ओलांडून कुणाच्या तरी मोटरसायकलमागे. रस्ता अडवणाऱ्यांनी ओझं उघडायला लावलं. त्यांना वाटलं टीव्ही चोरून नेतेय. "मी म्हटलं, यात माझ्या पोरीचा परवाना आहे. ते म्हणाले, कसला परवाना, दारूचा? मग सोडलं."

मला हसू येत होतं, रडू येत होतं, आणि खरं सांगायचं तर रागही येत होता. "अहो दोन्या, एक बटण! एका बटणासाठी हे सगळं पाठीवर?"

"मला त्या बटणांचा भरवसा नाही," त्या म्हणाल्या आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. डॉन सेवेरोंनी त्यांचे बूट काढले. मोज्यांना रक्त लागलं होतं. ते गरम पाणी आणायला आत गेले.

कॉम्प्युटर डॉन सेवेरोंच्या पडद्याला जोडला, तो बोटाने चालतो. चेपला होता तरी सुरू झाला. इंटरनेट लावलं. तोच पांढरा चौकोन समोर आला. त्यात फक्त एवढंच होतं की 'नवी आवृत्ती आली आहे, आता घ्यायची की नंतर?' एवढंच! 'नंतर' दाबलं. त्यामागे 'परवाना मोकळा करा' आणि शेजारी 'रद्द करा'.

"तुम्ही दाबा," मी म्हटलं. वाटलं, मान त्यांचा. "इतक्या लांबून आणलात."

त्या आल्या. बोट पडद्याजवळ नेलं. पण पाहत होत्या माझ्याकडे, पडद्याकडे नाही. बोट 'रद्द करा'वर गेलं.

"ते नव्हे!"

बोट दचकून मागे आलं. पुन्हा पुढे गेलं, दुसऱ्या बटणाकडे. माझ्या चेहऱ्याकडे बघतच. मी मान हलवली, तेव्हा दाबलं.

परवाना मोकळा झाला. लगेच डॉन सेवेरोंच्या कॉम्प्युटरवर घेतला. सरडा उघडला. माझा सरडा, हिरवा, जिभेसकट. मी तिथेच डोकं टेबलावर टेकलं.

बाईंची नजर मात्र फारच गेली आहे. एवढं मोठं अक्षर दिसू नये! त्यांना चष्मा करून द्यायचाच. माझ्यातर्फे.


२ फेब्रुवारी, सोमवार

पहिली झूल पथकाच्या प्रमुखांना दाखवली. त्यांनी मुंग्यांवरून बोट फिरवलं आणि मान डोलावली. दुसऱ्या दारी जात नाहीत. देवाची कृपा.

रस्ता बंदच आहे. दोन्या आमच्याकडेच राहिल्यात आणि डॉन सेवेरोंच्या कारखान्यात झुलींना अस्तर लावताहेत. बेत्साबेशी त्यांचं माझ्याहून चांगलं जमतं. दोघी मिळून माझी टर उडवतात.


४ फेब्रुवारी, बुधवार

चष्म्याच्या दुकानात नेलं. त्या येईचनात. "आता काय करायचाय चष्मा, गोवऱ्या मसणात गेल्या." मी हट्टाने दंड धरून नेलं. चांगलं काम करतेय म्हणून माझीच मला शाबासकी.

तपासणारा तरुण होता, हसतमुख. दोन्यांना खुर्चीत बसवलं, एका डोळ्यावर झाकण धरलं आणि समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावला. वर एक मोठं अक्षर, खाली लहान लहान होत गेलेली.

"वाचा, आजी. वरचं कुठलं?"

दोन्यांनी घागऱ्याची चुणी नीट केली.

त्याने भिंग बदललं. "आता?"

त्याने आणखी जाड भिंग घातलं आणि माझ्याकडे काळजीने पाहिलं. "सगळ्यात मोठंही दिसत नाही का, आजी?"

दोन्यांनी डोळ्यावरचं झाकण स्वतःच काढलं. मांडीवर ठेवलं.

"दिसतात," त्या म्हणाल्या. "सगळी दिसतात. अगदी खालचीसुद्धा. स्वच्छ दिसतात." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ओळखीचं एकही नाही."

मी त्या लिहिलेल्या सूचना आठवत राहिले. शाळेतल्या पोरालाही कळाव्यात अशा.

बाहेर पडलो. चौकात कार्निव्हलच्या फेसाच्या पिचकाऱ्या विकणाऱ्यांची गर्दी होती. त्यातून वाट काढताना त्यांनी माझा दंड धरला.

"वानूनीत फक्त नायराला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "संघात कळलं तर शिक्का काढून घेतील. त्या बायका माझ्यामागे उभ्या राहतात, कारण मी सरकारी माणसाच्या डोळ्यात डोळे घालून बोलते. हे कळलं तर ते डोळे खाली जातील माझे."

"कुणाला सांगणार नाही," मी म्हटलं.

"शिकवते म्हणू नकोस आता."

मी तेच म्हणणार होते. तोंड मिटलं.


११ फेब्रुवारी, बुधवार

सगळ्या झुली गेल्या. डॉन सेवेरो मशीनशेजारी जमिनीवरच झोपी गेले. नावं तपासताना मी एकेक नाव मोठ्याने म्हणत होते आणि दोन्या ती झूल उचलून घडी घालत होत्या. आम्ही दोघींनी तसं काही ठरवलं नव्हतं.


१७ फेब्रुवारी, मंगळवार

शनिवारी पथक नाचत गेलं. गर्दीत आम्ही पाठीच पाहिल्या, चेहरे नाही. सरडे उड्या मारत होते.

आज यंत्रांना आशीर्वाद द्यायचा दिवस. डॉन सेवेरोंनी मशीनला रंगीत कागदाच्या पट्ट्या गुंडाळल्या, चारी कोपऱ्यांत बियर शिंपडली. दोन्यांच्या चेपलेल्या डब्यालाही पट्ट्या बांधल्या, वर कागदी फुलं उधळली. उद्या त्या निघणार, रस्ता मोकळा झाला आहे. डबा गाडीच्या टपावर जाईल, पाठीवर नाही. मी सोडायला वानूनीपर्यंत जाणार आहे.

सगळे अंगणात गेले होते. आम्ही दोघीच आत होतो. दोन्यांनी घागऱ्याच्या खिशातून फोन काढला आणि माझ्यापुढे धरला.

"तू मला एक लांबलचक लिहिलं होतंस," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी फोन तुटला, त्यानंतर. काय होतं ते? वाचून दाखव."

तोच तो निरोप होता. पडद्यावर माझेच शब्द, आणि समोर ती बाई, टाचांना अजून पट्ट्या बांधलेल्या. मी घसा खाकरला आणि वाचू लागले.

"प्रिय दोन्या फिदेलिया," मी म्हटलं. "फोन तुटला म्हणून लिहिते आहे. तुम्ही काळजी करू नका. रस्ता बंद आहे, घराबाहेर पडू नका. बटणाचं बघू नंतर. तुमचा काही दोष नाही. तब्येतीला जपा." आणखी एकदोन वाक्यं जोडली, कारण मजकूर लांब दिसत होता.

त्या नीट ऐकत होत्या. हात मांडीवर, मान किंचित कलती.

"छान लिहितेस," त्या म्हणाल्या.

मी फोन परत द्यायला गेले. त्यांनी घेतला नाही.

"मी ते त्याच दिवशी नायराला पाठवलं होतं. तिने फोनवर वाचून दाखवलं. वाचता वाचता रडली पोरगी. यात रडण्यासारखं काय होतं गं?"

बाहेर कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. मला वाटलं, ती संपेपर्यंत तरी मला बोलावं लागणार नाही. पण ती संपली.

त्यांना माहीत होतं. डबा पाठीवर बांधताना, ट्रकवर चढताना, पडताना, सगळा वेळ त्यांना माहीत होतं मी त्यांना काय म्हटलं ते.

"दोन्या..."

"वाच," त्या म्हणाल्या. "आहे तसं."

मी वाचलं. मुद्दाम करताय. पोटावर पाय देताय. कोंडून ठेवाल. शेवटपर्यंत वाचलं. फोन खाली ठेवला.

त्यांनी थोडा वेळ विचार केल्यासारखं केलं.

"मधलं एक वाक्य गाळलंस," त्या म्हणाल्या. "अध्यक्षीणबाईचं."

मी फोन पुन्हा उचलला आणि तेही वाचलं.